उंचीची अट

कळव्याहून घोडबंदरला पोचायला दोन तास लागले,
त्यातला एक माजिवड्यालाच,
मेट्रोचे खांब मोजत.
एका रात्रीची सुट्टी,
आणि सामान असं की बिऱ्हाड हलवतोय:
किटली, मुगाची डाळ, तांदूळ, पातेलं,
अकरा डायपर, तापाचं औषध,
आणि तो एका कानाचा ससा
ज्याच्याशिवाय निमिष झोपत नाही
आणि मग कोणीच झोपत नाही.

फाटकावर पाटी: बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत.
बाळाचं चालेल, रखवालदार म्हणाला.
सासूबाईंनी पिशवी उघडली.
"बाळाच्याच आहेत," म्हणाल्या, चेहऱ्यावरची रेष न हलवता.
चोवीस दशम्या.
आणि लसणाची चटणी.
त्याने एकदा दशम्यांकडे पाहिलं, एकदा बाळाकडे,
"जावा आत."

आत एक लाकडी जिराफ,
मानेवर तांबडी रेघ.
रेघेखालच्यांना झोका नाही, होडी नाही, बोगदा नाही.
निमिष त्याच्या गुडघ्याएवढा.
त्याने गुडघ्याला मिठी मारली,
गुडघा चाटला,
आणि चाटण्यासारखं आणखी काय आहे ते शोधत निघाला.

पैसे वसूल व्हावेत म्हणून श्रीरंगने
त्याला फिरत्या घोड्यावर बसवलं.
घोडा हलायच्या आधीच भोकाड.
तरी आम्ही तिघं पूर्ण फेरी फिरलो,
एक रडणारा, दोन टबडक टबडक करणारे.
मागच्या हंसात एकटीच बसलेली एक मुलगी
आमच्याकडे बघत होती,
जणू आम्हीच तिच्या तिकिटातला खेळ.

मग त्याला नळ सापडला.
पाय धुवायचा, गळका.
पाऊण तास.
पाठीमागे पाण्याच्या सहा घसरगुंड्या गडगडत होत्या
आणि तो एकेका थेंबाला निरोप देत होता,
"गेला."
"गेला."

"तू जा ना," श्रीरंग म्हणाला, "त्या मोठ्या झोक्यावर."
मी नको म्हणाले.
मग म्हणाले, टोपी काढू देऊ नकोस.
मग म्हणाले, भूक लागली तर केळं आहे, निळ्या पिशवीत, निळ्या.
मग चपला काढून रांगेत उभी राहिले.
जिराफाने मला अडवलं नाही.

वर जाताना आधी येऊरचे डोंगर, उन्हाने पिवळे,
मग कासारवडवलीचे मनोरे, गॅलऱ्यांत वाळणारे कपडे,
मग खाडीचा एक तुकडा, ताटाच्या काठासारखा.
आणि खाली, नळाशी,
मोहरीएवढी पिवळी टोपी.
वीस महिन्यांत पहिल्यांदा
त्याचा आवाज माझ्या कानाच्या टप्प्यात नव्हता.
मी ऐकून पाहिलं.
नव्हता.

मग मी ओरडले.
शेजारच्या कॉलेजच्या पोरी भीतीने ओरडत होत्या.
मला भीती नव्हती.
हा आवाज इतके दिवस कुठे होता,
"हळू, आत्ताच झोपलाय" च्या कुठल्या घडीत,
मला ठाऊक नाही.
झोका थांबला
तरी ओरडणं थोडं उरलं होतं.

खाली आले तेव्हा गुडघे माझे नव्हते.
"ऐकू आलं?"
"अख्ख्या ठाण्याला," श्रीरंग म्हणाला.
"याने वर बघितलं, बोट केलं,
आणि म्हणाला, काऊ."
सासूबाईंनी दशमी पुढे केली.
"चटणी नको आता," एवढंच म्हणाल्या,
"घसा बसलाय तुझा."

सोमवारी कळव्याला
स्वयंपाकघराच्या गजांवर एक कावळा आला,
मान तिरकी करून
पोटभर ओरडला.
निमिष चमचा टाकून खिडकीकडे धावला,
दोन्ही हात वर करून.
"आई!"
मी त्याच्या मागेच उभी होते,
हातात पोळपाट.